हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि दिवाणजींची सोय

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी आपल्या पेढ्यांवर वहीपूजन होते. पूर्वी पाटावर लाल कापडी पुठ्ठ्याच्या नव्या वह्या मांडल्या जात. आता बहुतेक ठिकाणी त्या वह्यांशेजारी संगणकही ठेवलेला असतो आणि त्यालाही हळदकुंकू वाहिले जाते. यात वावगे काहीच नाही. ज्या साधनावर व्यापार चालतो त्याचा मान राखणे ही आपली जुनी रीत आहे. परंतु वहीची पूजा करणारा व्यापारी ती वही कशी आखली आहे, तिच्यात जमेची बाजू कोणती आणि नावेची कोणती, हे पुरते जाणत असे. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण पूजा करतो, पैसे मोजतो आणि त्यातील मांडणीचा विचार विकणाऱ्यावर सोपवून मोकळे होतो. या उदासीनतेची किंमत प्रस्तुत लेखकास एकदा मोजावी लागली. ती हकीकत व तिच्यापासून मिळालेला धडा व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडेल, या समजुतीने हा लेख लिहीत आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला घाऊक धान्याचा व्यापारी आहे, यंत्रशास्त्राचा जाणकार नव्हे, हे वाचकांनी प्रथमच ध्यानात घ्यावे.

घडलेली हकीकत

आमची पेढी बेळगावच्या रविवार पेठेत तीन पिढ्यांपासून आहे. डाळी, ज्वारी व तांदूळ यांचा घाऊक व्यवहार, आणि गिऱ्हाईक बरेचसे गोव्याकडील व घाटाखालचे. २०१९ साली मुलांच्या आग्रहावरून आम्ही एक मोठे सॉफ्टवेअर घेतले. विक्री, खरेदी, गुदाम, येणेबाकी, कर, सर्व काही त्यात होते. विक्रीचे बिल करावयाचे तर पडद्यावर ४३ रकाने उघडत. विकणाऱ्या गृहस्थांनी हीच गोष्ट मोठ्या अभिमानाने दाखविली होती आणि आम्हीही जितके रकाने अधिक तितका माल उत्तम, असे समजून चाललो.

त्याच वर्षी नोव्हेंबरात फोंड्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकास ३० किलो भरतीचे ६० कट्टे तूरडाळ गेली. म्हणजे १८ क्विंटल. भाव ८,५०० रुपये क्विंटल. बिल १,५३,००० रुपयांचे व्हावयास हवे होते, ते ५,१०,००० रुपयांचे झाले. कारण पडद्यावर ‘एकक’ नावाचा एक लहानसा रकाना होता. त्यात यंत्राने आपल्या मनाने ‘क्विंटल’ घातलेले असे आणि कट्ट्यांचा हिशेब असेल तर ते दर वेळी बदलावे लागे. त्या दिवशी ते बदलावयाचे राहिले आणि ६० कट्ट्यांचे ६० क्विंटल झाले.

गिऱ्हाइकाचा फोन आला. माणूस सभ्य. तो इतकेच म्हणाला, “शेठजी, तुमच्या पेढीकडून असे कधी झाले नव्हते.” ते शब्द माझ्या मनाला लागले. आमच्या दिवाणजींची नोकरी तेव्हा ३८ वर्षांची झाली होती. वडिलांच्या वेळेपासूनचा माणूस, त्यांच्या हातची तेरीज एका पैशानेही चुकल्याचे कोणास आठवत नव्हते. पण मी हमालांच्या व मुलांच्या देखत त्यांना बोललो. “वय झाले, आता लक्ष राहत नाही,” असेही माझ्या तोंडून निघून गेले. ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिजोरीच्या किल्ल्या गादीवर ठेवल्या व “मला मोकळे करा” म्हणाले. नंतर नमस्कार करून ते घरी निघून गेले.

त्या रात्री बिले थांबून राहिली म्हणून मीच यंत्रापुढे बसलो. चौथ्या बिलास माझ्या हातून तीच चूक झाली. रकाना तोच, यंत्राने भरलेला शब्दही तोच. मला ती दिसली, कारण आदल्या दिवसाचा प्रकार ताजा होता. एरवी दिसली नसती. तेव्हा माझी खात्री झाली की, ज्या चुकीबद्दल मी एका प्रामाणिक माणसाचा चारचौघांत अपमान केला, ती चूक त्या माणसाची नसून पडद्याच्या मांडणीची होती. सकाळी त्यांच्या घरी गेलो आणि हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले. ते परत आले. पण बोललेला शब्द परत घेता येत नाही, ही रुखरुख आजही आहे.

मोठ्या बँकेची तीच गत

असा प्रकार आपल्यासारख्या लहान पेढ्यांवरच घडतो असे मात्र नाही. ११ ऑगस्ट २०२० रोजी अमेरिकेतील सिटीबँकेत घडलेली घटना तेथील न्यायालयाच्या दप्तरात नमूद आहे. रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने अनेक सावकारांकडून कर्ज घेतले होते आणि त्या कर्जाचा कारभार सिटीबँक पाहत असे. त्या दिवशी सावकारांना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज पाठवावयाचे होते. मुद्दल बँकेच्याच एका अंतर्गत खात्यात जिरवून ठेवावयाचे होते, बाहेर जाऊ द्यावयाचे नव्हते. फ्लेक्सक्यूब नावाच्या सॉफ्टवेअरवर त्यासाठी तीन रकान्यांत त्या अंतर्गत खात्याचा क्रमांक घालणे आवश्यक होते. त्या रकान्यांची नावे ‘प्रिन्सिपल’, ‘फ्रंट’ व ‘फंड’. मुद्दल म्हणजे प्रिन्सिपल, तेव्हा तो एक रकाना भरला की काम झाले, अशी समजूत होणे अगदी स्वाभाविक होते. तसेच झाले आणि उरलेले दोन रकाने मोकळे राहिले.

हे काम एका माणसाच्या भरवशावर सोडलेले नव्हते. एकाने नोंद करावयाची, दुसऱ्याने तपासावयाची, तिसऱ्याने मंजुरी द्यावयाची अशी रीत होती. पहिले दोघे भारतात बसून काम करणारे, तिसरा अमेरिकेतील. तिघांचीही समजूत एकसारखीच झाली. पैसे बँकेबाहेर जात आहेत, पुढे जावयाचे काय, अशी सूचना पडद्यावर आली होती. पण किती रक्कम जात आहे, हे त्या सूचनेत नव्हते. व्याज तर बाहेर जावयाचेच होते, त्यामुळे सूचना रास्तच वाटली. परिणामी सुमारे ८९ कोटी डॉलर बाहेर गेले. काही सावकारांनी पैसे परत केले, परंतु सुमारे ५० कोटी डॉलर अडकून पडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल बँकेच्या विरुद्ध गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो फिरवला, तेव्हा कोठे बँकेची बाजू राहिली.

यातील मर्म असे की, तपासणारी माणसे वाढविल्याने मांडणीतील दोष दूर होत नाही. दिशाभूल करणारा रकाना तिघांनी पाहिला तर तिघांचीही दिशाभूल होते. तसेच सूचना देणे आणि उपयोगी सूचना देणे यांतही अंतर आहे. ‘पुढे जावयाचे काय?’ हा प्रश्न दिवसातून पन्नास वेळा विचारला गेला की माणूस तो वाचीत नाही, नुसते ‘होय’ दाबतो. ‘८९ कोटी डॉलर बाहेर जात आहेत’ असा मजकूर असता तर हात थांबला असता.

गुंतागुंत कोणी सोसावी?

यावर कोणी म्हणेल, व्यापारच गुंतागुंतीचा आहे, तेव्हा सॉफ्टवेअर सोपे कसे होईल? हा आक्षेप योग्य आहे. लॅरी टेस्लर नावाचे एक अमेरिकन संगणकतज्ज्ञ होते. पडद्यावरील मजकूर एका जागेवरून कापून दुसरीकडे चिकटविण्याची जी सोय आज सर्वत्र आहे, तिचे श्रेय त्यांच्याकडे जाते. २०२० साली ते वारले. त्यांनी मांडलेला एक सिद्धांत आपल्याला सहज पटण्याजोगा आहे. त्याचा आशय असा की, प्रत्येक कामात काही गुंतागुंत अशी असते की ती कमी करता येत नाही. प्रश्न एवढाच उरतो की ती सोसावयाची कोणी, सॉफ्टवेअर बनविणाऱ्याने की वापरणाऱ्याने? बनविणाऱ्याने एकदा कष्ट घेतले तर वापरणाऱ्या हजारोंचे कष्ट वाचतात. त्याने ते टाळले तर हजारोंना ते रोज घ्यावे लागतात.

आपल्या सर्वांच्या परिचयाचे उदाहरण जीएसटीचे. १ जुलै २०१७ रोजी हा कर सुरू झाला तेव्हा योजना अशी होती की, व्यापाऱ्याने विक्रीचे एक, खरेदीचे दुसरे आणि गोषवाऱ्याचे तिसरे अशी विवरणपत्रे दर महिन्यास भरावी. दुसऱ्या विवरणपत्रात प्रत्येक खरेदीचे बिल विकणाऱ्याच्या नोंदीशी जुळवून पाहावयाचे होते. हे ओझे पेलण्याजोगे नाही हे काही महिन्यांतच दिसून आले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये दुसरे व तिसरे विवरणपत्र स्थगित झाले. पुढे २०२० च्या मध्यापासून, विकणाऱ्यांनी भरलेल्या माहितीवरून यंत्रच खरेदीच्या कराचा तक्ता तयार करून देऊ लागले. जुळवणीचे काम नाहीसे झाले नाही. त्याचा मोठा वाटा व्यापाऱ्याच्या टेबलावरून उचलून यंत्राकडे दिला गेला. सुधारणा म्हणतात ती हीच.

आम्ही काय बदलले

दिवाणजी परत आल्यावर आम्ही गावातील एका तरुण सॉफ्टवेअर कारागिरास बोलाविले. पहिल्या दिवशी तो प्रश्नांची यादी घेऊन माझ्यासमोर बसला. मी त्यास म्हणालो, “बाळ, मला काही विचारू नकोस. तीन दिवस दिवाणजींच्या शेजारी गादीवर बस आणि नुसते पाहा.” तो बसला. बाजाराच्या ऐन गर्दीत फोन कानाशी, हमाल दारात, गाडी उभी, अशा स्थितीत बिल कसे होते ते त्याने पाहिले. मागील दोनशे बिले काढून कोणते रकाने खरोखर भरले गेले तेही त्याने मोजले. ४३ पैकी ११ रकाने आमच्या कामाचे निघाले. बाकीचे परदेशी निर्यात, औषधांचे गट क्रमांक आणि अशाच इतर धंद्यांसाठी होते.

दुसरी गोष्ट त्याच्या ध्यानात आली ती क्रमाची. दिवाणजी कागदावर टिपण करतात ते आधी गिऱ्हाईक, मग माल, मग नग, मग भरती, मग भाव आणि शेवटी हमाली, बारदान व गाडीभाडे. पडदा मात्र प्रथम शाखेचा क्रमांक विचारी, मग गुदामाचा, मग कराचा, आणि गिऱ्हाइकाचे नाव पाचवे. हाताचा क्रम एक आणि यंत्राचा क्रम दुसरा, यामुळे दर बिलास मनाची ओढाताण होई.

मग फेरमांडणी झाली ती अशी. नेहमीचे ११ रकाने पुढे आले आणि त्यांचा क्रम दिवाणजींच्या टिपणाचा ठेवला. बाकीचे पुसून टाकले नाहीत, एका कळीमागे ठेवले. ‘एकक’ हा रकानाच गेला. त्याऐवजी नग व भरती भरली की पडद्यावर ठळक अक्षरांत ‘६० कट्टे × ३० किलो = १८ क्विंटल’ असे उमटू लागले. सरसकट येणाऱ्या सूचना बंद केल्या आणि एकच ठेवली. गिऱ्हाइकाच्या नेहमीच्या खरेदीहून माल फारच अधिक दिसला तर पडदा विचारतो, ‘या गिऱ्हाइकाने आजवर एका वेळी २५ क्विंटलहून अधिक तूरडाळ नेलेली नाही. ६० क्विंटल बरोबर आहे काय?’ ही सूचना महिन्यातून दोनचार वेळाच येते, म्हणून ती वाचली जाते.

चूक सुधारण्याची सोय आपल्या वहीच्या धर्तीवर केली. वहीत आपण खाडाखोड करीत नाही. चुकलेली रक्कम उलट नोंदीने फेडतो, म्हणजे चूकही दिसते आणि दुरुस्तीही दिसते. यंत्रातही तसेच ठेवले. शब्दही आपले घातले. ‘येणे’, ‘देणे’, ‘भरती’, ‘बारदान’ हे शब्द पडद्यावर आल्याबरोबर दिवाणजींची निम्मी भीती गेली.

पुढे १८ जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या बंद पिशव्यांतील धान्य व डाळींवर २५ किलोपर्यंत ५ टक्के जीएसटी आला आणि त्याहून मोठ्या भरतीस तो लागला नाही. त्या वेळी या फेरमांडणीची खरी परीक्षा झाली. भरती व लेबल या दोन गोष्टी सांगितल्या की कर लागावयाचा की नाही ते यंत्रच ठरवू लागले. दिवाणजींना कराचे क्रमांक पाठ करावे लागले नाहीत.

मोठ्या कंपन्यांचा अनुभव

हा शहाणपणा आम्ही शोधून काढला असे मुळीच नाही. जर्मनीतील सॅप ही कंपनी १९७२ साली आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी काढली. जगातील मोठमोठ्या कारखान्यांचे हिशेब तिच्या सॉफ्टवेअरवर चालतात. ते वापरण्यास अवघड अशी तक्रार फार झाली, तेव्हा १९९० च्या दशकाच्या अखेरीस कंपनीने पडद्यांची मांडणी सुधारण्याची मोहीम काढली. पुढे २०१३ साली ‘फिओरी’ या नावाने नवी मांडणी आणली. तिचे मुख्य तत्त्व असे की, ज्याचे जे काम त्याला तेवढेच दिसावे. रजा मंजूर करणाऱ्यास गुदामाचे रकाने कशाला?

आपल्या व्यापाऱ्यांत घरोघरी असलेल्या टॅलीची गोष्टही बोधप्रद आहे. १९८६ साली बंगळूर येथे श्यामसुंदर गोयंका व त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी तिचा आरंभ केला. खात्यांना सांकेतिक क्रमांक न देता खात्याच्या नावानेच नोंद करण्याची सोय तिच्यात होती. वहीत आपण नावच लिहितो, म्हणून ती आपल्याला जवळची वाटली. २०२० च्या नोव्हेंबरात ‘टॅलीप्राइम’ ही फेरमांडणी आली. याद्या बदलल्या, हवे ते पान नावाने शोधण्याची सोय आली, पण विक्रीसाठी एफ-८ आणि खरेदीसाठी एफ-९ या कळी जागच्या जागीच राहिल्या. वर्षानुवर्षे बोटांत बसलेली सवय हे पेढीचे भांडवल आहे. नवे करताना ते उधळू नये.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपली प्रत्येक जुनी रीत यंत्राने पाळलीच पाहिजे, हा हट्टही महाग पडतो. जर्मनीतील लिडल या मोठ्या किराणा व्यापारी कंपनीने सात वर्षे खपून २०१८ साली सॅपवर आधारलेली आपली नवी व्यवस्था सोडून दिली. त्यावर सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. या अपयशाचे एक कारण असे सांगितले गेले की, कंपनी मालाचा साठा खरेदीच्या किमतीने धरीत असे, सॉफ्टवेअर विक्रीच्या किमतीने धरी, आणि आपली रीत सोडण्यास कंपनी तयार नव्हती. तात्पर्य, जी रीत चूक टाळते ती राखावी. जी केवळ सवय म्हणून चालत आली आहे ती तपासून पाहावी.

व्यापारी बंधूंस विनंती

सॉफ्टवेअर घेताना आपण मालक मंडळी ते पाहतो, किंमत पाडून घेतो आणि वापरावयास देतो दुसऱ्यास. हे उलट झाले पाहिजे. घेण्यापूर्वी जो ते रोज वापरणार त्यालाच त्यापुढे बसवावे, आणि शिकविणाऱ्याने मध्ये न बोलता कालची दहा बिले करून पाहावयास सांगावे. तो कोठे अडतो, कोठे मागे जातो, ते लिहून घ्यावे. याकोब नील्सन या डॅनिश तज्ज्ञाचे मत असे की, अशा रीतीने पाच माणसांकडून काम करवून पाहिले तरी बहुतेक मोठे दोष उघडे पडतात. आपल्या पेढीवर पाच माणसे नसतील, पण शेजारची पेढी आहे. आपल्या संघानेही एखादे सॉफ्टवेअर सभासदांस सुचविण्यापूर्वी चार पेढ्यांवरील दिवाणजींना एकत्र बसवून ही परीक्षा घ्यावी, अशी माझी नम्र सूचना आहे. खर्च एका दुपारच्या चहाचा, लाभ साऱ्या बाजाराचा.

दुसरी विनंती अधिक महत्त्वाची आहे. पेढीवर चूक झाली म्हणजे ती कोणाच्या हातून झाली हे विचारण्याआधी, ती कोठे झाली हे विचारावे. एकाच जागी दोन माणसांची एकच चूक होत असेल तर दोष जागेचा आहे. मालाच्या काट्यात फरक आला तर आपण तोलाऱ्यास दोष देण्यापूर्वी काटा तपासतो. मग पडद्यासच एवढी सूट का?

आमचे दिवाणजी २०२३ साली वयोमानाने निवृत्त झाले. जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या जागी आलेल्या मुलास बिलाचे काम शिकविले. पूर्वी नव्या माणसास त्या ४३ रकान्यांची सवय होण्यास महिना लागत असे. या मुलास दोन दिवस लागले. त्यास अखेरचा उपदेश करताना दिवाणजी म्हणाले, “काही अडले तर घाबरू नकोस. शेठजींना सांग, ते आधी यंत्र पाहतील.” इतकी वर्षे व्यापार करून मिळविलेल्या कोणत्याही प्रशस्तिपत्रापेक्षा हे वाक्य मी मोठे मानतो. माझ्या हातून जी आगळीक झाली ती अन्य कोणा व्यापारी बंधूच्या हातून न होवो, एवढीच इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.